वाढत्या मापाचे काडतूस

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. तुमच्या पुस्तकात छत्री बोलते, फाटका बूट बोलतो, बंद पडलेले घड्याळ बोलते, आणि शेवटी सगळी डोळ्यांत पाणी आणून तुमच्याकडे दया मागतात. मी रडणार नाही. माझा जन्म मारण्यासाठी झाला आणि ते काम मी पन्नास वर्षे चोख केले. पण एका मुलीशी तिच्याच माणसाने कसे वागावे, आणि त्यात मला कसे वापरावे, हे मी फार जवळून पाहिले आहे. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आधी एक साधी गोष्ट समजून घ्या. रायफलीत कुठलेही काडतूस चालत नाही. काडतूस म्हणजे पितळेचे नळकांडे, त्यात दारू आणि तोंडाशी गोळी. माझ्या नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाचे घर कोरलेले असते आणि त्यात त्याच मापाचे काडतूस बसते. काडतूस लहान असेल तर धक्का कमी, मोठे असेल तर जास्त. गोळी जेवढ्या जोरात पुढे जाते, तेवढ्या हिशेबात मी मागे येते, आणि मागे कुणाचा तरी खांदा असतो. म्हणून घर कोरण्याआधी माणसे दहादा विचार करतात. निदान करावा अशी अपेक्षा असते.

माझे पहिले घर साडेसहा मिलिमीटरच्या स्वीडिश काडतुसाचे होते. कारखान्यातून मी सरळ इंग्लंडला आले आणि हॅलम नावाच्या विशीतल्या तरुणाच्या हाती पडले. मिल्टन कीन्सच्या पुढे, शेतांच्या पलीकडे एक मोठे खाजगी रान आहे. तिथली हरणे आटोक्यात ठेवायचे काम हॅलमकडे होते. या देशात लांडगा उरलेला नाही. हरणे वाढतच जातात, झाडांची रोपे खाऊन टाकतात, आणि हिवाळ्यात त्यांचीच उपासमार होते. म्हणून दर वर्षी काही मारावी लागतात. गोड शब्द शोधू नका, मारणे ते मारणेच.

हॅलम प्रेमळ माणूस नव्हता. तो कुणाशी धड बोलत नसे आणि स्वतःच्या मुलाच्या लग्नालाही गेला नव्हता. पण पन्नास वर्षांत त्याने एकाही जनावराला ताटकळत ठेवले नाही. माझा धक्का मऊ होता, त्यामुळे चाप ओढताना त्याचा डोळा कधी लवला नाही. गोळी जायची आणि हरिण जिथल्या तिथे खाली बसायचे. लोक मला बघून म्हणत, जुनी आहे पण गुणाची आहे. मला ते आवडायचे.

हॅलमच्या शेवटच्या दोन वर्षांत त्याच्या हाताखाली वरदा आली. बावीस वर्षांची, लहान चणीची, हातमोजेसुद्धा मुलांच्या मापाचे घालणारी मुलगी. कार्डिफला डॉक्टरकीचे दुसरे वर्ष अर्धे टाकून ती या रानात आली होती. हॅलमने तिला माझ्यावर शिकवले. पहिल्या हरणानंतर ती हमसून रडली तेव्हा तो म्हणाला, "वाईट वाटतंय? वाटू दे. तुला वाईट वाटल्याने त्याचं काही बिघडत नाही. तू हळू मारलंस तर बिघडतं." वरदाने ते मनावर कोरून घेतले. माझ्या दस्त्यावर गाल टेकला की तिचा श्वास संथ होई. हॅलमला जेवढी मी कळले होते तेवढीच मी तिलाही कळले, आणि तेही दोन वर्षांत.

मग हॅलमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. जाताना त्याने मला वरदाच्या परवान्यावर चढवून दिले आणि मागे वळूनही पाहिले नाही. रानाची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस क्लेग यांनी वरदाला हॅलमच्या जागी सहा महिन्यांच्या परीक्षेवर घेतले. सहा महिने नीट पार पडले की कायमची नोकरी आणि रानाच्या कडेचे दोन खोल्यांचे घर. वरदाला जगात दुसरे काही नको होते. अडचण एकच होती. पन्नास वर्षांत माझी नळी आतून झिजली होती. नवी नळी बसवायची, म्हणजे काडतुसाचे घर नव्याने कोरायचे. इथे वरदाचे बाबा माझ्या आयुष्यात आले.

डॉक्टर शशी मिल्टन कीन्सला राहणारे सर्जन. मुलीने डॉक्टरकी सोडल्यापासून दोन वर्षे ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आई सुमेधा मधल्यामध्ये निरोप पोचवायची. "बाबा विचारतायत, गरम कपडे आहेत ना. मी विचारलं असं सांगू नकोस म्हणाले." नळीची गोष्ट आईकडूनच त्यांच्या कानावर गेली आणि एका रविवारी वरदाचा फोन वाजला. फोनवर बाबांचे नाव पाहून ती चिखलात उभी होती तिथेच खाली बसली.

"वरदा, ती बंदूक मी करून देतो," डॉक्टर म्हणाले. "हरणंच मारायची ठरवलंयस ना, मग निदान नीट मार."

ती "थँक यू बाबा" म्हणाली आणि पुढची दहा मिनिटे नाक पुसत राहिली.

डॉक्टरांची एक खोड तुम्हाला सांगायला हवी. लहानपणी त्यांना सगळे वाढत्या मापाचे मिळाले. बूट दोन मापे मोठे, पुढे कापसाचे बोळे कोंबलेले. सदरा गुडघ्यापर्यंत. ते त्यात वाढले, मोठे झाले, आणि त्यांना वाटू लागले की आपण मोठे झालो ते त्या मोठ्या बुटांमुळेच. वरदाचा शाळेचा ब्लेझर तिच्या बोटांच्या पुढे चार इंच जायचा. सहाव्या वर्षी त्यांनी तिला दहा वर्षांच्या मुलाची सायकल आणली. ती गावातल्या, फक्त सायकलींसाठी केलेल्या लाल रस्त्यावर तोंडावर आपटली आणि पुढचा दात अर्धा तुटला. "रडतेस काय? पुढच्या वर्षी पाय पुरतील," असे म्हणून डॉक्टरांनी तिला पुन्हा त्याच सायकलवर बसवले. डॉक्टरकीसुद्धा तशीच आणली होती. पाय पुरण्याची वाट बघत पोरगी दीड वर्ष लटकत होती.

नळीसाठी आम्ही सॅम्युअलच्या दुकानात गेलो. सॅम्युअल मुंबईचा, मराठी बोलणारा ज्यू. ऐन तारुण्यात लंडनला येऊन बंदुकांच्या कारखान्यात लागला, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एका शेताच्या गोदामात स्वतःचे दुकान चालवतो. त्याच्या हातासारखा हात या मुलखात नाही. बायको गेल्यापासून त्याच्याशी मराठीत बोलणारे कुणी उरले नव्हते. त्यामुळे "सॅम्युअलकाका" अशी हाक ऐकली की म्हातारा लोण्यासारखा विरघळायचा. या विरघळण्याचा मला पुढे फार राग आला.

त्याने माझे सगळे भाग सोडवून पाहिले. "नळी संपली. बाकीचं अंग अजून शंभर वर्षं जाईल," तो म्हणाला आणि वरदाकडे वळला. "पोरी, तुला काय हवंय?"

"काका, सेम. जे होता तेच. स्वीडिश," वरदा म्हणाली. इथे जन्मलेल्या मुलांसारखे तिचे मराठी अडखळत चालायचे. "हा रायफल मला करेक्ट बसतो."

डॉक्टरांनी लॅपटॉप उघडला. मुलीला स्थळे बघावीत तशी त्यांनी सतरा काडतुसे एका तक्त्यात मांडली होती. गोळीचे वजन, वेग, ताकद, पल्ला, सगळ्याला गुण दिलेले होते.

"हे बघा, सॅम्युअलकाका. तुमचं स्वीडिश म्हणजे काठावर पास. हे बघा, थर्टी-ऑट-सिक्स. छोट्या हरणापासून मोठ्या शिंगवाल्या नरापर्यंत काहीही आडवं करतं. उद्या ही स्कॉटलंडला गेली, परवा कॅनडाला गेली, तर काय पुन्हा नळी बदलायची?"

"डॉक्टर, तुमच्या या तक्त्यात खांद्याचा रकाना नाही," सॅम्युअल म्हणाला.

"खांदा तयार होतो. एक माप मोठं घेतलेलं कधी वाया जात नाही."

"अहो, पोरीची चण बघा. त्यात तुम्ही नळी पातळ मागताय. रायफल हलकी आणि काडतूस भारी, म्हणजे दणका जवळपास दुप्पट. निदान तोंडाला मॉडरेटर तरी लावू. आवाज दाबेल आणि थोडा धक्काही खाईल."

"छे, तो डबा लावला की सगळा रुबाब जातो."

"बाबा, पण मला..." वरदाने तोंड उघडले.

डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला. आवाज अजिबात चढवला नाही. "वरदा, दोन वर्षांनी मी तुझ्यासाठी काहीतरी करतोय. त्यातही तुझं ‘पण’ आहेच का?"

वरदाने माझ्या जुन्या नळीवरून एकदा बोट फिरवले आणि म्हणाली, "चालेल, बाबा."

सॅम्युअलला सगळे कळत होते. तो नाही म्हणू शकला असता. पण डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, तुमच्या हातचं काम म्हणजे काय, विचारायलाच नको. पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवायलाच या." म्हातारा हसला आणि त्याने मोजमापे लिहून घेतली. पोळी आणि बटाट्याच्या भाजीवर त्याने मला विकले, असे मी आजही म्हणते.

त्याने माझी जुनी नळी फिरवून काढली आणि भंगारात टाकली. नवी नळी बसवली, मोठे घर कोरले. मला बर्मिंगहॅमला तपासणीला पाठवले. तिथे मुद्दाम जादा ताकदीचे काडतूस माझ्यात उडवतात, आणि फुटले नाही तर शिक्का मारतात. मी फुटले नाही. वरदाने परवान्यात नव्या काडतुसाची नोंद करण्याच्या अर्जावर सही केली. खरे सांगते, नव्या ताकदीचा मला पहिले काही दिवस माजही आला होता. अक्रोडाचा दस्ता पॉलिश केलेला, नळी निळीशार. आरशात पाहिले असते तर मीच मला ओळखले नसते.

मग वरदाने मला पहिल्यांदा उडवले. ती दोन पावले मागे गेली. दुसऱ्या गोळीला तिने ओठ चावला. दहाव्या गोळीपासून तिचे डोळे आवाजाच्या आधीच मिटू लागले. तिचा खांदा आधी निळा झाला, मग हिरवा, मग पिवळा, आणि पिवळा उतरण्याआधी पुन्हा निळा. ती स्वेटरच्या आत टॉवेलाची घडी कोंबून सराव करी. तरीही चाप ओढायच्या क्षणी तिचे सगळे अंग आक्रसून जाई आणि गोळी हातभर बाजूला पडे. पूर्वी याच मुलीच्या पाच गोळ्या चहाच्या बशीत मावत. मी तिला दररोज मारत होते, आणि ती मला दररोज पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवत होती.

हे कुणाला सांगायचे? मिसेस क्लेगना सांगावे तर परीक्षा चालू. बाबांना सांगावे तर... दर रविवारी सकाळी अकरा वाजता बाबांचा फोन यायचा.

"काय, कशी चालतेय आपली रायफल?"

"मस्त, बाबा. एकदम स्मूद."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, सगळे गार पडले."

मग ते पाच-दहा मिनिटे तिच्याशी बोलत. थंडीबद्दल, आईच्या गुडघ्याबद्दल, काहीबाही. त्या पाच-दहा मिनिटांसाठी वरदा तीन महिने मूग गिळून बसली. त्या तीन महिन्यांत तिने हरणावर फक्त तीनदा गोळी झाडली, तीही अगदी जवळून, आणि नशिबाने निभावले.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मिसेस क्लेग यांनी तिची अखेरची परीक्षा ठेवली. डॉक्टरांनी हट्टाने बोलावणे मिळवले होते. ते नवे कोरे हिरवे जाकीट घालून आले. उजाडताना माझ्यासकट आम्ही चौघे रानाच्या कडेला एका आडोशामागे थांबलो. वरदा पुढे, मिसेस क्लेग स्वतःची रायफल घेऊन तिच्या शेजारी, आणि डॉक्टर मागे. ऐंशी पावलांवर एक मादी बाहेर आली. मागच्या उन्हाळ्यातले पिल्लू तिच्या पाठोपाठ होते.

मिसेस क्लेग यांनी मान हलवली. वरदाने मला खांद्याला लावले. तिचे काळीज माझ्या दस्त्यात धडधडत होते. मागून डॉक्टर कुजबुजले, "घाबरू नकोस. ताकद भरपूर आहे."

तिने डोळे मिटले आणि चाप ओढला.

गोळी छातीत लागायची ती पोटात लागली. मादी पाठ वाकवून उडाली आणि काटेरी झुडपांत शिरली. पिल्लू जागच्या जागी उभे राहिले आणि मग तेही तिच्यामागे धावले. वरदा नुसती पाहत राहिली. पोटात गोळी लागलेले जनावर लगेच मरत नाही, हे तिला ठाऊक होते. माझ्या मागे कितीही ताकद असली तरी चुकलेल्या जागी तिचा उपयोग नसतो, हे मलाही ठाऊक होते.

लगेच पाठलाग केला तर जनावर आणखी दूर पळते, म्हणून अर्धा तास थांबावे लागले. माग काढणारा कुत्रा त्या दिवशी दुसऱ्या रानात होता. मग रक्ताचे थेंब बघत आम्ही निघालो. एकेका थेंबाजवळ वरदा गुडघ्यांवर बसे, पुढचा थेंब शोधी. डॉक्टरांचे बूट चिखलात रुतत होते. "अजून किती?" ते दोनदा म्हणाले. दोन तासांनी वाळलेल्या नेच्यांत मादी सापडली. ती बसली होती. मान ताठ होती, डोळे उघडे होते, आणि पिल्लू तिच्या अंगाला टेकून उभे होते.

"मार ना! बघत काय बसलीस?" डॉक्टर ओरडले.

वरदाने मला उचलले, पण तिचे हात इतके थरथरत होते की माझे तोंड एका जागी राहीना. मिसेस क्लेग पुढे झाल्या, त्यांनी आपली रायफल लावली आणि काम संपवले. एकच आवाज झाला. तेव्हा पिल्लू पळाले.

मिसेस क्लेग वरदाकडे वळल्या. त्या इंग्रजीत बोलल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"नेम सगळ्यांचा चुकतो, माझाही चुकलाय. पण तू डोळे मिटलेस. हॅलमच्या जुन्या नळीवर तू कधी डोळे मिटले नव्हतेस. ही रायफल तुला झेपत नाही आणि ते तुला माहीत होतं. आता मला खरं सांग. हे काडतूस कुणी निवडलं? दुसऱ्या कुणी तुझ्या गळ्यात मारलं असेल, तर नळी बदलू आणि मी तुला तीन महिने वाढवून देईन. तूच निवडलं असशील आणि वर लपवलं असशील, तर मी तुला या रानात एकटी सोडू शकत नाही."

वरदाने बाबांकडे पाहिले. तिने काही मागितले नाही, नुसते पाहिले. बापाने दोन शब्द बोलावेत एवढेच तिच्या चेहऱ्यावर होते, आणि ते मला दिसले तर त्यांनाही दिसले असणारच.

डॉक्टर शशी खाकरले. हॉस्पिटलमध्ये वापरतात त्या स्वच्छ, नीटनेटक्या इंग्रजीत ते म्हणाले, "तिनेच निवडलं. मी फक्त भेट दिली. अर्जावर सहीसुद्धा तिचीच आहे."

परक्या बाईसमोर चूक कबूल करायची त्यांना लाज वाटली. एवढेच कारण होते, दुसरे काही नाही.

"वरदा?" मिसेस क्लेग यांनी विचारले.

"हो," वरदा म्हणाली. "मीच."

मिसेस क्लेग मूर्ख नव्हत्या. पण समोरची मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगत असताना त्या तरी काय करणार? "मग मी सही करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याने गोळी झाडली त्याने जनावराची आतडी काढून ते साफ करायचं असतं. तेवढं करून जा."

वरदाने मला एका ओंडक्याला टेकवले, बाह्या दुमडल्या आणि सुरी काढली. पोटात गोळी लागलेल्या जनावराचा वास फार वाईट येतो. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. मादी गाभण होती. आतले पिल्लू तळहातावर मावेल एवढे होते. वरदाने ते वेगळे काढून नेच्यांवर ठेवले आणि पुढचे काम चालू केले. आता तिचे हात अजिबात थरथरत नव्हते. सुरी कुठे अडत नव्हती, कुठे घसरत नव्हती. आपल्या आवडीच्या कामाची तिची ती शेवटची दहा मिनिटे होती आणि त्यांत तिने जराही चूक केली नाही.

डॉक्टरांचा रुमाल हळूहळू खाली आला. ते जवळ सरकले. वाकून पाहू लागले. त्यांचे डोळे चमकले, आणि इतक्या वर्षांत कधी काढला नसेल अशा मायेच्या आवाजात ते म्हणाले, "अगं, हात बघ किती स्थिर आहे तुझा. हा सर्जनचा हात आहे, वरदा. अजून वेळ गेलेली नाही."

वरदाने सुरी गवतावर पुसली, हात ओढ्यात धुतले, आणि बाबांना गाडीत बसायला सांगून ती पायी निघून गेली. ती आता मँचेस्टरला असते आणि प्राण्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. मला तिने सॅम्युअलकडे परत दिले. मी त्याच्या लोखंडी कपाटात उभी आहे. मोठ्या घराची, चकचकीत, फारशी न वापरलेली. सॅम्युअल मला महिन्यातून एकदा तेल लावतो आणि तेवढा वेळ माझ्याकडे बघायचे टाळतो.

मित्रांनो, आम्ही वस्तू शेवटी काहीतरी मागतो, तशी रीत आहे. मी मला तेल लावा, गंजू देऊ नका, असे मागणार नाही. कुणाला काही द्याल तेव्हा त्याचे माप घ्या, स्वतःच्या हौसेचे नको. आणि तुमच्या निवडीने कुणाचे वाटोळे झाले, तर तिथेच, सगळ्यांदेखत, तोंड उघडा. त्या मादीला मरायला दोन तास लागले. "मी निवडलं" एवढे म्हणायला डॉक्टरांना श्वासभरही वेळ लागला नसता.